सामासिक अंतरातली सवलत मेहेरबानी म्हणून नको, मोजून द्या: छोट्या व्यापारी इमारतींबाबत एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे आयुक्त, नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी आणि नगररचना विभागातील सर्व अधिकारी

विषय: जुन्या, लहान व्यापारी इमारतींच्या वाढीव बांधकामासाठी मागितली जाणारी सामासिक अंतरातील (इमारत आणि भूखंडाची हद्द यांमध्ये सोडायच्या मोकळ्या जागेतील) सवलत.

महोदय, महोदया,

तळमजल्यावर दोन-तीन दुकाने, वर गच्ची आणि त्या गच्चीवर एक मजला चढवायचा आहे, किंवा मागे एक खोली वाढवायची आहे. अशी प्रकरणे प्रत्येक शहराच्या बांधकाम परवानगी विभागात कायम पडून असतात. इमारत अधिकृत असते, चटई क्षेत्र (भूखंडावर करता येणारे एकूण बांधकाम) शिल्लक असते, रस्ताही पुरेसा असतो. अडते ते सामासिक अंतरावर. इमारत ज्या काळात मंजूर झाली तेव्हाचे साइड मार्जिन, म्हणजे बाजूचे सामासिक अंतर, वेगळे होते आणि आजच्या नियमाने ते वाढले आहे. मग अर्जदार ‘हार्डशिप’, म्हणजे अडचणीच्या तरतुदीखाली सवलत मागतो आणि तिथून नस्तीचा (फाइलचा) प्रवास अंधारात सुरू होतो.

तो अंधारात असण्याचे काही कारण नाही, कारण तरतूद स्पष्ट आहे. २ डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळता राज्यभर लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत प्राधिकरणाला हा अधिकार दिलेला आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये तो विनियम ६ मध्ये आहे. दोन्हींचा आशय सारखाच: अडचण स्पष्टपणे दाखवून देता येत असेल, तर मोजमापे शिथिल करता येतील, मात्र त्यामुळे आरोग्य, अग्निसुरक्षा, संरचनेची सुरक्षा आणि आसपासच्या लोकांची सुरक्षा धोक्यात येता कामा नये.

यातला कळीचा भाग आहे ‘दाखवून देता येणे’. आज अर्जदार लिहितो, ‘व्यवसायास जागा अपुरी पडते, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ टेबलावरून शेरा पडतो, ‘नियमात बसत नाही’ किंवा ‘वरिष्ठांच्या आदेशार्थ सादर’. अडचण कोणीच मोजलेली नसते. आमची मागणी एवढीच आहे की ती मोजली जावी, मोजण्याची पद्धत आधीच जाहीर असावी आणि होकार असो वा नकार, त्याची कारणे कागदावर यावीत.

सुरुवात नकारापासूनच करू. राज्याच्या नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे की रस्त्याच्या हद्दीपासून सोडायचे अंतर, चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय) आणि पार्किंग यांत, नियमावलीतच अन्यत्र तशी सोय नसेल तर, कोणत्याही परिस्थितीत सवलत नाही. तरीही अनेक अर्ज नेमक्या याच तीन गोष्टी मागतात. पार्किंग बसत नाही म्हणून हार्डशिप मागणे व्यर्थ आहे. मोटारीला २.५ × ५ मीटर आणि दुचाकीला १ × २ मीटर जागा नकाशावर रंगवता येते, पण खांबांमधून गाडी आत वळते का हे जागेवर पाहिल्याशिवाय कळत नाही. एफएसआयचेही तसेच. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारे जादा चटई क्षेत्र) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा बांधकाम हक्क) चढवता येत नाही, त्यामुळे मार्जिनची सवलत मिळाली तरी वरच्या मजल्याला क्षेत्रच उरत नाही. वापर बदलून हवा असेल, म्हणजे जागा निवासी पट्ट्यात आहे आणि तिथे त्या प्रकारचा व्यापार मुळातच चालत नाही, तर तो विषय हार्डशिपचा नाहीच. तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खालच्या फेरबदलाचा आहे. त्यात सर्वसाधारण सभेचा ठराव, राजपत्रातली नोटीस, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी हा सगळा मार्ग चालावा लागतो.

म्हणून पहिली विनंती: अशा अर्जांना छाननीतच, एका आठवड्यात, लेखी कारण देऊन परत पाठवा. महिनोन्महिने त्रुटीपत्रे काढून अर्जदाराला आशेवर ठेवू नका. ‘हे या तरतुदीखाली देता येत नाही, त्यासाठी अमुक मार्ग आहे’ या एका ओळीने माणसाचे वर्ष वाचते.

आता खरी अडचण कोणती ते पाहू. आमच्या मते ती जमिनीची किंवा उभ्या बांधकामाची असते, मालकाच्या धंद्याची नसते. भूखंड मागे निमुळता होत गेला आहे. मधून नाला जातो किंवा उच्चदाब वाहिनी गेली आहे. रस्तारुंदीत पुढचा तुकडा गेल्याने खोली कमी झाली आहे. इमारत जुन्या नियमांनुसार रीतसर मंजूर होऊन उभी आहे आणि तिचे खांब जिथे आहेत तिथेच राहणार आहेत. हे सगळे अर्जदाराने स्वतः ओढवून घेतलेले नाही. उलट, मालकानेच भूखंडाचे तुकडे पाडले आणि मग तुकडा अरुंद पडला. किंवा भिंत आधी उभी केली आणि सवलत नंतर मागितली. किंवा शेजारच्या दुकानाला मिळाली म्हणून आपल्यालाही हवी. यांपैकी कोणतीही अडचण नव्हे. हे स्पष्टपणे लिहायला प्रशासनाने बिचकू नये. खोट्या प्रकरणांची गर्दी कमी झाली तरच खऱ्यांकडे लक्ष जाईल.

अडचण मोजायची म्हणजे काय, ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा, भूखंडाची रुंदी १० मीटर आहे. एका बाजूला जुन्या मंजुरीप्रमाणे ३ मीटर, दुसऱ्या बाजूला १.७५ मीटर मोकळे आहे. इमारतीची बाहेरून बाहेर रुंदी राहिली ५.२५ मीटर. आज वाढीव मजल्याला दोन्ही बाजूंना ३ मीटर लागू आहेत असे धरा. म्हणजे वरचा मजला फक्त ४ मीटर रुंद होईल आणि त्याची एक भिंत खालच्या भिंतीपासून १.२५ मीटर आत सरकेल.

आधी जिना पाहू. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार अशा वापराला १.५ मीटर रुंदीचा जिना लागतो. दोन धावा (पायऱ्यांच्या सलग ओळी) शेजारी-शेजारी म्हणजे ३ मीटर. २३ सेंटिमीटरच्या तीन भिंती (दोन बाहेरच्या, एक जिन्याची) म्हणजे ०.६९ मीटर. चार मीटरमधून हे वजा केले की उरतात ३१ सेंटिमीटर. जिन्याच्या बाजूने माणूस पुढच्या गाळ्याकडे जाऊच शकत नाही, म्हणजे मजल्याचे दोन तुकडे पडतात. रुंदी ५.२५ मीटर ठेवली तर उरतात १.५६ मीटर. दीड मीटरचा मार्ग बसतो आणि वरचे सहा सेंटिमीटर गिलाव्यात जातात. म्हणजे मागायची सवलत नेमकी १.२५ मीटर, एकाच बाजूला आणि खालच्या भिंतीच्या रेषेत. १.५ मीटर मागण्याला आधार नाही, कारण २५ सेंटिमीटर जास्त कशासाठी हे आकड्यांत दाखवता येत नाही. जिना लांबीच्या दिशेने एकाच धावेत नेता येईल का, तो बाहेर ३ मीटरच्या बाजूला काढता येईल का, हे पर्यायही त्याच कागदावर मांडून, ते का बसत नाहीत ते लिहायला हवे. मागच्या बाजूला पुरेशी खोली असेल तर पर्याय बसतोही, आणि मग सवलत नाकारणेच योग्य.

आता त्या आत सरकलेल्या भिंतीकडे पाहू. २३ सेंटिमीटर जाडीची, ३ मीटर उंचीची विटांची भिंत धावत्या मीटरला सुमारे १.४ टन भरते. १२ मीटर लांबीची भिंत धरली तर साधारण १७ टन. हे वजन खालच्या खांबांवर आणि तुळयांवर न येता स्लॅबच्या मध्यावर येणार. तिथे नवी तुळई घालायची तर जुना स्लॅब फोडावा लागतो, आणि त्या तुळईवरून खांब उचलले तर ते तरंगते खांब (थेट पायापर्यंत न जाणारे) होतात. भूकंपात अशी रचना सर्वात आधी दगा देते. म्हणजे या प्रकरणात नियमाचे मार्जिन काटेकोर पाळल्यानेच संरचनेची सुरक्षा कमी होते आणि सवलत दिल्याने भार सरळ खांबांतून पायात उतरतो. नियमावलीतल्या ‘अडचणी’ला याहून चांगला पुरावा दुसरा नाही. दुर्दैवाने आज बहुतेक नस्त्यांमध्ये वास्तुविशारदाचा नकाशा एकीकडे आणि संरचना अभियंत्याचा दाखला दुसरीकडे असतो, आणि दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत.

त्या दाखल्याविषयी जरा कडक बोलायला हवे. ‘इमारत वाढीव मजल्यास सक्षम आहे’ ही एक ओळ आणि खाली शिक्का, हा अहवाल नव्हे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात ये-जा असलेल्या गच्चीला दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरतात, किरकोळ विक्रीच्या दुकानाला ४. म्हणजे कालची गच्ची उद्या दुकानाची फरशी झाली की तिच्यावरचा गृहीत भार अडीच पटीहून अधिक वाढतो. मालाचा साठा ठेवायचा असेल तर त्याहूनही जास्त. त्यामुळे आधी तपासायचा तो जुना गच्चीचा स्लॅब, मग तुळया, मग खांब, मग पाया. तपासणीत नुसता रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर ठोकून काँक्रीटची ताकद अंदाजणारे उपकरण) पुरेसा नाही. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनमुळे (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या क्रियेने) कडक होतो आणि हॅमरचा आकडा खऱ्या ताकदीपेक्षा जास्त दिसतो. सोबत अल्ट्रासोनिक चाचणी हवी आणि कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल नमुने) काढायलाच हवेत. भारतीय मानक ४५६ प्रमाणे कोअर कधीही तीनपेक्षा कमी नसावेत. त्यांची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के भरावी आणि एकही ७५ टक्क्यांखाली जाऊ नये. पायाजवळ किमान एक-दोन ठिकाणी खड्डा घेऊन पायाचे खरे माप पाहावे, कारण जुन्या संरचना नकाशावरचे माप आणि जमिनीतले माप जुळेलच असे नाही. जुन्या काँक्रीट इमारतींची भूकंपक्षमता तपासण्यासाठी भारतीय मानक १५९८८ आहे. अहवालात त्याचा आधार घेतला आहे का, एवढे विचारले तरी निम्मे पोकळ दाखले गळून पडतील.

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ मोजणीत होतो. मालमत्ता पत्रकावर एक क्षेत्र, मंजूर रेखांकनात दुसरे, जागेवर तिसरे. अशा वेळी कमी असेल ते क्षेत्र धरण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे, पण अर्जदाराला हे नकाशा सादर करून झाल्यावर कळते आणि सगळे गणित कोसळते. भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची ‘क’ प्रत (अधिकृत मोजणी नकाशा) आधी हातात असावी, आणि त्याच मोजणीत शेजारच्या इमारतीची भिंत हद्दीपासून किती आत आहे तेही टिपून घ्यावे. सवलतीचा परिणाम ज्याच्यावर होणार ती भिंतच नकाशावर नसेल तर निर्णय कशाच्या आधारे घेणार? जुना मंजूर नकाशा बहुतेकदा फुटांत आणि ब्लूप्रिंटवर असतो. उभी इमारत त्या नकाशापेक्षा वीस-तीस सेंटिमीटर सरकलेली निघते. हा फरक लपवू नये. जुनी मंजूर रेषा, आजची उभी रेषा आणि नवी प्रस्तावित रेषा एकाच नकाशावर तीन वेगळ्या रंगांत दाखवावी. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर करआकारणीचा उतारा जोडून भागत नाही. त्याने इमारत होती एवढेच कळते, ती परवानगीने होती हे सिद्ध होत नाही. पालिकेच्या अभिलेख कक्षातून जुन्या मंजुरीची प्रत मिळण्यास लागणारा वेळ हा मात्र अर्जदाराचा दोष नाही; त्या काळात अर्ज दप्तरी दाखल करू नका.

शेजाऱ्यांच्या ‘ना हरकत’ पत्राबद्दल आमचे मत ठाम आहे: ते मागणे बंद करा. संमतीची अट घातली की शेजाऱ्याच्या हाती नकाराधिकार येतो, आणि त्याचा सौदा होतो. त्याऐवजी लगतच्या मालकांना आणि भोगवटादारांना नकाशाच्या प्रतीसह नोटीस द्या, पंधरा दिवस द्या आणि हरकत आली तर ती प्रकाश, हवा, आग, पाणी यांपैकी कशाबद्दल आहे ते तपासा. ‘आमचे जुने वैर आहे’ ही हरकत नव्हे. ‘माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी समोर येते’ ही आहे. अर्जदारांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणे वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या प्रकाश-हवेवर शेजाऱ्याचा हक्क निर्माण होऊ शकतो, आणि पालिकेने मार्जिन शिथिल केल्याने तो हक्क संपत नाही. परवानगी हातात असूनही दिवाणी न्यायालयातून मनाई येऊ शकते.

मुदतीचा मुद्दा थोडक्यात. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५(५) प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मानीव ठरते, म्हणजे ती मिळाली असे धरले जाते. पण ती नियमांना धरून असलेल्या बांधकामालाच. ज्याला मुळात नियमातून सवलत हवी आहे त्याला मानीव परवानगीचा काहीच उपयोग नाही, आणि तिच्या भरवशावर काम सुरू करणाऱ्यांना कलम ५३ ची (अनधिकृत बांधकाम हटवण्याची) नोटीस येते. म्हणजे प्रशासनाच्या दिरंगाईविरुद्ध इतर अर्जदारांना जे कवच आहे ते या अर्जदाराला नाही. नकार मिळाला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते, पण नकारच मिळाला नाही तर अपील कशाविरुद्ध करायचे? म्हणून सवलतीच्या अर्जांना वेगळा नोंदणी क्रमांक द्या आणि त्यांची ६० दिवसांची मुदत स्वतःहून पाळा.

सही करायला अधिकारी कचरतात हे आम्हाला ठाऊक आहे, आणि ती भीती निराधार नाही. अनधिकृत बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालात चुकीची प्रमाणपत्रे देणाऱ्या अधिकाऱ्यांवरही कारवाईचे निर्देश आहेत. पण या भीतीवर उपाय नस्ती अडवून ठेवणे हा नाही. आदेशात चार गोष्टी लिहिल्या तर सही सुरक्षित राहते: अडचण कोणती आणि ती कोणत्या कागदावरून दिसते, मागितलेली मोजमापे किमान का आहेत, आग, प्रकाश आणि संरचना यांबाबत काय तपासले, आणि अटी कोणत्या. ‘विशेष बाब म्हणून मंजूर’ या शब्दांनी अधिकाऱ्याचे संरक्षण होत नाही आणि शेजाऱ्याचेही नाही.

अटी मात्र जागेवर मोजता येतील अशाच घाला. शिथिल केलेले अंतर जमिनीपासून वर आकाशापर्यंत मोकळे राहील. त्यात एसीचे बाहेरचे युनिट, जनरेटर, धुराडे, पत्र्याची शेड, लोखंडी जिना येणार नाही. १.७५ मीटरच्या बोळात एसीची युनिटे माणसाच्या उंचीवर लटकवली की सवा मीटरही उरत नाही आणि आगीच्या वेळी त्यातून शिडी घेऊन जाता येत नाही. दुसरी नेहमीची फसगत दर्शनी पत्र्यांची. भिंतीचे माप बरोबर असते, मग तिच्यावर लोखंडी सांगाडा आणि एसीपीचे (अॅल्युमिनियमच्या सजावटी पत्र्याचे) पॅनल बसते आणि दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर गिळले जाते. म्हणून माप शेवटच्या बाह्य पृष्ठभागापासून धरावे, असे आदेशातच लिहा. चेंबर आणि पाण्याची टाकी त्याच पट्ट्यात असेल तर झाकणे जमिनीच्या पातळीला आणि वजन पेलणारी असावीत.

वाढीव मजल्याच्या कामात जोते तपासणी (जमिनीलगतच्या चौथऱ्याच्या मापांची तपासणी) होतच नाही, कारण जोते जुनेच असते. त्यामुळे चूक उघड होते ती थेट भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी, सगळा खर्च होऊन गेल्यावर. त्याऐवजी नव्या खांबांचे स्टार्टर (खांबाची जागा पक्की करणारे पायथे) बांधून झाले की, काँक्रीट ओतण्याआधी, कनिष्ठ अभियंत्याने फीत धरून दोन्ही बाजूंची मापे घ्यावीत आणि फोटोसह नस्तीत लावावीत. त्या टप्प्यावर दहा सेंटिमीटरची चूक अर्ध्या दिवसात दुरुस्त होते. स्लॅब पडल्यावर तीच चूक पाडकामाची होते.

प्रीमियमबाबत एकच म्हणणे आहे. सवलतीची रक्कम कोणत्या क्षेत्रावर, कोणत्या वर्षाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यानुसार (रेडी रेकनरनुसार) आणि कोणत्या टक्क्याने काढली, याचे गणित मागणीपत्रातच छापा. अर्ज करायच्या आधी ही रक्कम अंदाजे काढता आली तर अनेक जण प्रस्तावच लहान करतील, आणि ते सगळ्यांच्याच हिताचे आहे.

शेवटची विनंती माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या आधारे. त्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये सवलती आणि परवाने मिळालेल्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे, आणि ४(१)(घ) मध्ये बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे देण्याचे. त्याप्रमाणे दर तिमाहीला प्रत्येक पालिकेच्या संकेतस्थळावर एक तक्ता यावा: भूखंड क्रमांक, लागू असलेले अंतर, मागितलेले, दिलेले, नाकारले असल्यास कारण, आणि आदेशाची प्रत. पहिला तक्ता गेल्या तीन वर्षांच्या प्रकरणांचा असावा, म्हणजे सध्या पडून असलेल्या नस्त्यांना ताडून पाहायला काहीतरी मिळेल. कोऱ्या तक्त्याचा आणि तिरंगी रेषांच्या नकाशाचा नमुना करून द्यायला आम्ही तयार आहोत, कोणत्याही पालिकेला, विनामूल्य.

आपले,
लहान व्यापारी इमारतींचे नकाशे आणि संरचना अहवाल तयार करणारे आम्ही वास्तुविशारद व अभियंते